बंदुकीचं नंतर, आधी गोठ्याचं दार

बाळा, परवा तू फोनवर विचारलंस, "काका, शिकारीची रायफल तयार घेऊ की माझ्या मापाची बनवून घेऊ?" फोनवर एवढं सगळं सांगून होत नाही, आणि तुझी काकू म्हणते मी फोनवर बोलत नाही, ओरडतो. म्हणून कागदावर उतरवून पाठवतोय. आधी उत्तर घे, कारणं मागून वाच. बनवून घ्यायची भाषा पुन्हा तोंडातून काढू नकोस. घ्यायचीच झाली तर रायफल नको, बारा बोअर घे. आणि तीही गोठ्याला बिबट्या रोखणारं धड दार बसल्यावर.

शिकारीसाठी म्हणून हत्यार घ्यायचे दिवस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संपवले. बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला मारलं की ३ ते ७ वर्षं सजा आणि वर निदान २५ हजार दंड. रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. पिकाची नासाडी करणाऱ्या डुकराला मारायलासुद्धा वनखात्याची परवानगी लागते. माणसाच्या जिवावर उठलेल्या बिबट्याला मारायचा हुकूम तर राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाशिवाय कोणी देऊ शकत नाही. अंगावरच आला आणि जीव वाचवताना मारला गेला तर कायदा समजून घेतो. पण त्या कलमाच्या भरवशावर हत्यार घेणारा माणूस पुढची काही वर्षं तारखांना जातो.

आता बनवून घ्यायचं. १९५९ च्या शस्त्र कायद्यात बिनपरवाना हत्यार बनवणं तर गुन्हा आहेच, धंदा म्हणून दुरुस्त करणाऱ्यालाही परवाना लागतो. २०१९ मध्ये दुरुस्ती झाली आणि बनवणाऱ्याची सजा किमान ७ वर्षं ते जन्मठेप अशी झाली. ऑर्डर देणारा त्यातून सुटेल असं समजू नकोस, बिनपरवाना हत्यार घरात सापडलं की तोही आत. तुला कोणीतरी सांगेल की तयार बंदूक घे आणि उसात वागवायला सोपी पडावी म्हणून नळी कापून घे. ते कलमही वेगळं आहे, नळी आखूड करणं हाच गुन्हा. आणि कायदा बाजूला ठेवला तरी गावठी हत्यार कशाचं बनतं ते बघ. पाण्याच्या नाहीतर कसल्यातरी यंत्राच्या पाइपाची नळी. बार काढताना आत जो दाब तयार होतो तो सोसायला ती केलेलीच नसते. फुटली तर मागच्या बाजूनं फुटते, आणि मागच्या बाजूला तुझा गाल असतो.

याच पंगतीत बाकीची घरगुती अवजारं बसव. डुकरासाठी पेरलेले गावठी बॉम्ब गाईचा जबडा उडवतात. क्लच वायरचे फासे डुकरासाठी लावतात आणि त्यात बिबट्या कंबरेत अडकतो. मग सुटायची धडपड करणारं पिसाळलेलं जनावर आणि भोवती दोनशे माणसं मोबाइल काढून. बांधाला लाइटचा करंट सोडणाऱ्यानं तर दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचा माणूस उचलायची तयारी ठेवावी. झटका मशीन वेगळी. ती क्षणभर झटका देते आणि थांबते, नीट बसवली तर जनावराचा जीव घेत नाही. ती जरूर लाव.

परवान्याचं सांगतो. आपल्याकडे अर्ज पुण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, चौकशी तुझ्या हद्दीतलं पोलीस ठाणं करतं, मग ते घोडेगाव असो, मंचर असो की ओतूर. २०१६ च्या नियमांनी हत्यार हाताळायच्या प्रशिक्षणाचा दाखला आणि डॉक्टरचा दाखला मागायला सुरुवात केली, आणि बरं केलं. कायद्यात शेतकऱ्यासाठी स्पष्ट जागा आहे. पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक. ती पुरणार नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर दुसरी गुळगुळीत नळीची. स्वसंरक्षणासाठी मागितलीस तर गुळगुळीत नळीची, निदान २० इंच नळी असलेली. रायफल या सवलतीत बसत नाही, तिचं कारण वेगळं पटवून द्यावं लागतं आणि सहसा पटत नाही. परवाना ५ वर्षांचा असतो. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची नोटीस येते. म्हणजे ऐन उसाच्या तोडीत विधानसभा आली की तुझी बंदूक ठाण्याच्या कपाटात आणि तू घरी. हे धरूनच हिशेब कर.

मी रायफल नको म्हणतो ते परवान्यापायी नाही. इशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ रायफल चांगली आहे, दणकट आहे, तिच्याबद्दल माझं काही वाकडं नाही. पण तिची गोळी हुकली तर एक किलोमीटरच्या पुढे जाऊनही माणूस मारू शकते. आपली वस्ती कशी आहे ते तुला ठाऊक आहे. घोड नदीच्या कडेनं प्रत्येक मळ्यात घर, घरामागं ऊस, उसामागं दुसऱ्याचं घर. इथं रायफलच्या रेषेत कोणाचा ओटा येईल सांगता येत नाही. बारा बोअरचा छर्रा तीस-पस्तीस मीटरपर्यंत कामाचा, पुढे विखरून ढिला पडतो. वस्तीत तोच त्याचा गुण.

तयार बंदूक, त्यातही जुनी, घेताना काय बघायचं ते माझ्या वडिलांनी मला शिकवलं. आमच्याकडे आधी ठासणीची होती, मग दुनळी आली. विकणारा परवानाधारक दुकानदार असला पाहिजे, किंवा ज्याच्या परवान्यावर ती चढलेली आहे असा माणूस, आणि रीतसर कागद करून देणारा. बंदूक हातात दिली की पहिल्यांदा मोडून बघ, काडतूस आत आहे का. देणारा "रिकामी आहे" म्हणाला तरी बघ. त्याच्यावर अविश्वास म्हणून नव्हे, हाताला वळण लागावं म्हणून. मग नळ्या सुट्या करून उजेडाकडे धर आणि दोन्ही टोकांनी आत डोकाव. आत आरशासारखं चकचकीत गोल दिसलं पाहिजे. काळे ठिपके दिसले तर तो गंजाचा खड्डा, तेल लावून तो जात नाही. सावलीची रेघ कुठे मोडली तर तिथं नळी आतून चेपलेली आहे. नळ्या बोटावर लोंबत्या धरून नखानं टिचकी मार. घंटेसारखा आवाज आला तर मधल्या पट्टीचा जोड पक्का, खडखड आली तर जोड सुटलाय. शेवटी बंदूक बंद करून दस्ता काखेत दाब आणि नळी हलवून बघ. सांध्यात खेळ जाणवला तर परत दे, मग किंमत निम्मी सांगितली तरी.

जुन्या विलायती बंदुकीत आणखी एक मेख असते आणि ती फार थोड्यांना माहीत असते. पुष्कळ जुन्या बारा बोअरचं काडतुसाचं घर अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरचं असतं. आजचं काडतूस पावणेतीन इंची, ७० मिलिमीटरचं. न उडालेलं काडतूस आत आरामात बसतं, म्हणून माणूस फसतो. उडल्यावर त्याचं तोंड उलगडायला जागा उरत नाही आणि दाब भलताच चढतो. नळीच्या बुडाशी घराचं माप ठोकलेलं असतं, ते वाच. वाचता आलं नाही तर परवानाधारक कारागिराकडून मोजून घे. आणि नळीच्या अंगावर लाकडाच्या रेषांसारखी वेलबुट्टी दिसली, म्हणजे ती जुन्या पद्धतीनं पट्ट्या वळून केलेली नळी असेल, तर ती भिंतीवर टांग. काळ्या दारूच्या जमान्यातली ती वस्तू. खडकीच्या कारखान्याचं 'शक्तिमान' काडतूस तिच्यात घालायचं नाही.

तुझ्या मापाचं म्हणतोस ना, तर मापाचं काम एवढंच असतं आणि ते परवानाधारक कारागीर करून देतो. हात कोपरात काटकोनात वाक, दस्त्याचं बूड कोपराच्या खोबणीत टेकव. चापावर बोटाचं पहिलं पेर आलं तर लांबी जमली. मग डोळे मिट, रिकामी बंदूक खांद्याला लाव, गाल टेकव, डोळे उघड. समोरची माशी पट्टीच्या बरोबर मध्ये दिसली तर बंदूक तुझी. वर-खाली दिसत असेल तर दस्ता थोडा तासून, आणि लांबी कमी पडली तर मागं रबराची पट्टी लावून जमतं. तू आमच्यापेक्षा चार बोटं उंच आहेस, आजोबांची दुनळी तुला आखूडच पडणार. लोक ज्याला खास बनवून घेतलेली बंदूक म्हणून मिरवतात त्यातलं कामाचं बरंचसं या मापातच असतं, बाकी नक्षी. जिम कॉर्बेटनं १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या मारला. त्याच्या नावाशी जोडलेली ती .२७५ रिग्बी रायफल त्यानं घडवून घेतलेली नव्हती, चंपावतच्या वाघिणीबद्दल बक्षीस मिळालेली होती.

आता मूळ मुद्दा. बंदुकीनं बिबट्याचा प्रश्न सुटतो का? कॉर्बेटचं नाव निघालंच आहे तर हेही ऐक. त्या बिबट्यानं आठ वर्षं माणसं मारली, आणि त्या काळात त्या मुलखात बंदुकांची कमतरता नव्हती. घरचं उदाहरण घ्यायचं तर शिरूरमधलं पिंपरखेड. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्या परिसरात तीन आठवड्यांच्या आत एक लहान मुलगी, एक म्हातारी आणि एक शाळकरी पोरगा गेला. लोक रस्त्यावर उतरले, वनखात्याची गाडी जाळली, मंचरला पुणे-नाशिक हमरस्ता अडला. शेवटी परवानगी घेऊन नेमबाज आणले. आधी भुलीचा डार्ट मारला, तो नेमका लागला नाही, जनावर उलटलं, तेव्हा गोळी घालावी लागली. हे शिकलेल्या, पथकानं फिरणाऱ्या, हातात कॅमेरे आणि ड्रोन असलेल्या माणसांचं झालं. तू एकटा, पाणी भरायला गेलेला, एका हातात खोरं. बिबट्या मागून येतो आणि मानेला धरतो. खांद्यावरची बंदूक उतरवायला तो वेळ देत नाही. आणि छर्रा लागून अर्धवट जखमी झालेला बिबट्या उसात शिरला तर त्या शिवारातली तोडणी आठवडाभर बंद.

धरून लांब नेऊन सोडा म्हणशील, तर तेही करून झालंय. २००१ पासून जुन्नर भागात पिंजरे लावून बिबटे धरले आणि दुसरीकडच्या जंगलात सोडले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते आकडे पुढे मांडले. आधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत, सोडायला लागल्यावर ते १७ वर गेले. अनोळखी मुलखात टाकलेलं जनावर बिथरतं. माणिकडोहचं निवारा केंद्र बघून ये एकदा. तिथल्या जाळीआड बसलेल्या जनावरांकडे बघितलं की कळतं, धरलेला बिबट्या ठेवायचा कुठे हाच मोठा प्रश्न आहे.

ते इथं आले कसे हे विचारणारे शहरातले असतात. माणिकडोह, येडगाव, डिंभे, धरणं झाली, कालवे आले, ज्वारी-बाजरीच्या जागी ऊस आला. विघ्नहर आणि भीमाशंकर कारखान्यांचा ऊस वर्ष-दीड वर्ष उभा असतो. पाणी, सावली, लपण आणि बाहेर पडलं की कुत्री, शेळ्या, वासरं. उसात जन्मलेल्या पिल्लाला ऊस हेच जंगल. तो जायचा नाही. पश्चिमेकडे आपल्या महादेव कोळी बांधवांनी हे फार पूर्वी ओळखलं, वाघबारशीला वाघोबाला नैवेद्य दाखवून त्याच्याशी सीमा ठरवून घेतली. आपणही सीमा ठरवायची, आपली गोठ्याच्या जाळीची.

म्हणून विकत की बनवून हा तुझा प्रश्न मी गोठ्याला लावतो, तिथं तो खरा शोभतो. तयार पत्र्याचे, पाइपचे शेळीशेड मिळतात, दोन दिवसांत उभे राहतात. त्यांचा दोष दिसायला पाहिजे. बहुतेकांना वर पत्रा आणि बाजूला कंबरभर जाळी असते, मध्ये हवेसाठी फट. त्या फटीतून बिबट्या सहज येतो. आत आला की एक शेळी उचलून तो जात नाही. बंद जागेत सगळ्या धावतात, ओरडतात, आणि तो धावेल तिला मारत सुटतो. सकाळी दहा मेलेल्या आणि नेलेली एकही नाही. तर गोठा बनवूनच घे, पण गावातल्या वेल्डरवर सोडून देऊ नकोस, शेजारी उभा राहा.

खालून तीन फूट बांधकाम किंवा काँक्रीट, पाया जमिनीत दीड फूट, म्हणजे उकरून येता येत नाही आणि बाहेरून शेळ्या दिसतही नाहीत. त्यावर चौकोनी पाइपची चौकट आणि वेल्डेड जाळी, घर दोन इंचाचं. साखळी जाळी लावू नकोस, ती खालून उचलली जाते. जाळी चौकटीच्या आतून नव्हे, बाहेरून लाव, म्हणजे धक्का बसला की ती पाइपावर दाबली जाते, टाके उचकटत नाहीत. वेल्डर घाईत असला की कोपऱ्यावर नुसता टाका मारतो आणि वर रंग फासतो. रंग लावायच्या आधी प्रत्येक कोपरा दोन्ही हातांनी धरून झटक. किरकिर आली तर तिथं पूर्ण रेघ ओढायला लाव. छताखालची फट जाळीनं बंद. पत्रा जे-हुकनं बसलेला असला तर हूक मोज, कंजूषपणा तिथंच होतो. दार बाहेर उघडणारं, खाली हाताची चार बोटं जाणार नाहीत इतकं चिकट, वर आणि खाली अशा दोन कड्या. एकाच मधल्या कडीचं दार खालच्या कोपऱ्यातून वाकतं. छताला टेकलेली आंब्याची फांदी छाट, कडब्याची गंज भिंतीपासून लांब रच, दोन्ही त्याच्या शिड्या आहेत. कुत्राही रात्री आतच. उघड्यावर बांधलेला कुत्रा राखण करत नाही, आमंत्रण देतो.

मेंढपाळांचं वेगळं. त्यांना बांधकाम जमत नाही. त्यांनी उभ्या करता येतील अशा जाळीच्या चौकटी, वर जाळी आणि सौरदिवा, एवढं तरी बरोबर ठेवावं. आपल्या रानात त्यांचा वाडा बसला तर तू आपणहून दिव्याची वायर काढून दे.

घराचं म्हणशील तर घराभोवती निदान पंधरा-वीस फूट ऊस लावू नकोस. चार सऱ्या गेल्या तर जाऊ देत. पोरांना संध्याकाळी अंगणात एकटं सोडायचं नाही, आणि शौचाला उसाच्या कडेला तर कोणीच बसायचं नाही. बसलेलं, वाकलेलं माणूस त्याला लहान जनावर वाटतं. खुरपणीला गेलेल्या बायकांनी पिंपरखेडला गळ्यात खिळ्यांचे पट्टे घातले, लोक फोटो बघून हसले. हसण्यासारखं काही नव्हतं, त्यांनी हल्ला कुठे होतो ते बरोबर ओळखलं होतं. रात्रीचं पाणी भरणं मात्र तुझ्या-माझ्या हातात नाही. थ्री-फेज रात्री येते तोवर माणूस रात्रीच जाणार. तेव्हा जोडीनं जा, कपाळाला बॅटरी, मोबाइलवर मोठ्यानं गाणं लाव. दिवसा वीज मिळावी म्हणून ग्रामसभेत ठराव घेतात तेव्हा तू घरी बसतोस असं तुझा बाप सांगत होता. त्या ठरावावर सही करायला आधी जा, मग परवान्याचा अर्ज कर.

एवढं करून जनावर गेलंच तर मेलेलं जनावर जागचं हलवू नकोस, फोटो काढ आणि वनपालाला लगेच कळव, ४८ तासांच्या आत. पंचनामा झाल्याशिवाय पैसे नाहीत. २०२२ च्या शासन निर्णयात गाय, म्हैस, बैलाला बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७० हजार यातलं कमी असेल ते, आणि शेळी-मेंढीला तसंच ७५ टक्के किंवा १५ हजार असं ठरलं. दुभत्या गाईला ते पुरत नाही, मला माहीत आहे. तरी सोडू नकोस.

आणि तुला खरंच नेमबाजीचीच हौस असेल, मला वाटतं तीच आहे, तर तसं स्पष्ट सांग. त्यात लाजण्यासारखं काही नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्य आणलं. त्याच कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये जगज्जेती झाली होती. बालेवाडीला रेंज आहे, पुण्याला तू आठवड्याला जातोसच. १० मीटरच्या एअर रायफलनं सुरुवात कर, ठरलेल्या ताकदीच्या आतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. तीही तयारच घे. गालाची पट्टी आणि मागचं बूड त्यात स्क्रूनं पुढेमागे होतं, प्रशिक्षक तुझ्या अंगाला जुळवून देईल. मापाचा तुझा हट्ट तिथं पुरव.

येत्या रविवारी मंचरला ये. जाळीवाल्याकडे जाऊ, पाइप बघू, वेल्डरला गाठू. येताना गोठ्याची लांबी-रुंदी मोजून आण, अंदाजे सांगू नकोस. आणि वनखात्याचा १९२६ हा नंबर घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आजच टाक, आजीच्या साध्या फोनमध्येसुद्धा.